न बोलता केलेली कामं



अमळनेरात साने गुरुजींचं नाव निघालं की बोलणं लगेच 'श्यामची आई'वर जातं. ते पुस्तक पुढचं, १९३३ सालचं, नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. मला त्याआधीचे गुरुजी जास्त जवळचे वाटतात. १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलात शिकवणारे, छात्रालय सांभाळणारे.

छात्रालयात खेड्यापाड्यांतली पोरं. ज्याच्या आईला लिहिता येत नाही, त्यानं पत्राची वाट तरी कशी पाहायची? घरचे आपल्याला विसरले, असं त्या वयात पटकन वाटतं. गुरुजी उपदेश करायचे, तो त्यांचा स्वभावच. पण त्याहून जास्त ते हातानं करायचे. पोरांच्या खोल्या झाडायच्या, मळके कपडे धुऊन टाकायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचं. शिवाय 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक, स्वतः लिहून काढलेलं. एका वसतिगृहापुरतं रोजचं वर्तमानपत्र! आपली दखल घेणारं कुणीतरी रोज जागं आहे, एवढं त्या पोरांना कळत असणार.

मदतीचीही एक टोचणी असते. देणारा मोठा होतो, घेणारा ओशाळतो. खोली गुपचूप झाडली गेली, की ओशाळायचं कुणापुढे?

त्या पोरांसारखं एकटेपण आज गावात आहे ते म्हाताऱ्यांच्या घरांत. मुलं पुण्याला, सुरतेला. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे सरकार वर्षातून एकदा तरी विचारतं, जिवंत आहात ना? काही गल्ल्यांत तेवढंही कुणी विचारत नाही. 'नाना, बरं शे ना?' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

दाखल्याच्या मशीनवर अशाच एका नानांचा अंगठा उमटत नाही. मिलमध्ये राबून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. चार वेळा अंगठा दाबतात, मशीन नकार देतं, मागची रांग कुरकुरते, आणि आपलीच काही चूक झाल्यासारखे नाना बाजूला होतात. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. पण हे त्यांना सांगणार कोण? शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं आधार कार्ड, पेन्शनचा नंबर आणि मोबाइल घेऊन बसावं. काम थोड्या वेळात उरकतं.

मग नाना मिलच्या पाळ्यांचं सांगू लागतात, भोंग्याचं सांगतात. तेव्हा घड्याळ पाहायचं नाही. चहा मागवतील, तर नको म्हणायचं नाही. पैसेही त्यांनाच देऊ द्यायचे.