घरी बसून मिळविलेली पदवी आणि नोकरी देणाऱ्यांची नजर



व्यवस्थापनशास्त्राची पदवी ऑनलाइन घेतली तर नोकरी देणारा तिला किंमत देईल काय, हा प्रश्न आज नांदेड-लातूरकडील अनेक पालक विचारतात. उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. कारण कायदा एक सांगतो आणि व्यवहार थोडे निराळे सांगतो.

दुरून शिकणे आपल्याला नवे नाही. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. मधल्या काळात कित्येकांनी नोकरी करीत बहिःस्थ परीक्षा दिल्या. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले. त्याचे विभागीय केंद्र नांदेडला आहे. या विद्यापीठाची बी.एड. पदवी सेवेत राहून मिळविलेले शिक्षक याही सभेत बसले असतील. शासनाने ती पदवी मान्य केली आणि शाळांनीही केली.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. २०२२ साली आयोगाने हे पुन्हा जाहीर केले. त्यामुळे जेथे जाहिरातीत केवळ 'कोणत्याही शाखेची पदवी' मागितलेली असते, तेथे शासकीय परीक्षेचे दार दोघांनाही सारखेच उघडे आहे.

खाजगी मालक मात्र समकक्षतेचा आदेश वाचून माणूस नेमीत नाही. लातूरच्या डाळमिलचा वा आडतीचा मालक विचारतो ते एवढेच : टॅलीत हिशेब ठेवता येतो काय, वस्तू व सेवा कराचे विवरण वेळेवर भरता येईल काय, व्यापाऱ्याशी नीट बोलता येते काय? पदवी कोठली, हे तो बहुधा नंतर पाहतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांची रीत वेगळी आहे. त्या निवडक महाविद्यालयांत जाऊन मुले निवडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतील प्रत्यक्ष काम, वर्गातील वादविवाद, पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांची ओळख, ही सारी महाविद्यालयाच्या आवारात मिळणारी शिदोरी आहे. घरी बसून शिकणाऱ्याला ती आपली आपण जमवावी लागते. खरा फरक पडतो तो येथे, आणि तो पहिल्या नोकरीच्या वेळी सर्वांत अधिक जाणवतो.

म्हणून माझे मत असे की, पतसंस्थेत, बँकेत वा साखर कारखान्यात काम करणाऱ्या तीस वर्षांच्या माणसाने ऑनलाइन पदवी निःसंकोच घ्यावी. त्याचा अनुभव तिच्या पाठीशी उभा असतो आणि रोजचा पगारही बुडत नाही. एकवीस वर्षांच्या, कामाचा गंध नसलेल्या मुलाला मात्र, घरची ऐपत असेल तर, महाविद्यालयात पाठवावे. ऐपत नसेल तर पदवीबरोबर एखाद्या लेखापालाकडे वर्षभर उमेदवारी करू द्यावी.

याहून गंभीर धोका आहे तो मान्यतेचा. छत्तीसगड राज्याने २००२ साली केलेल्या कायद्याच्या आधारे शंभरांहून अधिक खाजगी विद्यापीठे उगवली होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ तरतुदीच रद्द केल्या. २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेवाचून दिलेल्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांनाही न्यायालयाने मोडता घातला. जमीन गहाण ठेवून शुल्क भरलेल्या घरावर असा निकाल कोसळला, तर काय होत असेल? पदवीचा कागद हाती असतो, पण कोणताही मालक तो विचारात घेत नाही.

विद्यापीठ नावाजलेले आहे, एवढ्यावर विसंबू नये. आयोगाची मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि ठराविक सत्रांसाठी असते. ती आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तालुक्याच्या गावी फलक लावून दुसऱ्याच्या नावे प्रवेश देणाऱ्या मध्यस्थांना नियमांत जागाच नाही, कारण फ्रँचाइझी पद्धतीने अभ्यासक्रम चालविण्यास बंदी आहे. सोप्या शब्दांत, विद्यापीठाला आपले नाव असे भाड्याने देता येत नाही. ग्रामपंचायतीत आता संगणक आहे. प्रवेशाच्या दिवसांत ही यादी काढून शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावण्यास एक कागद आणि अर्धा तास पुरेल. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी ती पालकांच्या नजरेस पडावी, एवढी व्यवस्था आपण येत्या सत्रापासून करावी, अशी माझी विनंती आहे.