कोपी हलली की बाळंतीण कुठं शोधायची?

आज कोडिंग नाही. म्हणजे शेवटी थोडं येतंच, इलाज नाही.

मागच्या हंगामात मी भवानीनगरजवळ आमच्या गावाकडूनच काम करत होतो. इंदापूर-बारामती पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बीड-नगरकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचलही दोघांची मिळून. बाई गरोदर असली तरी कोयता चालूच. एक दिवस कामाला गेली नाही की 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापतात. तपासणीला जायचं म्हणजे खाडाच की!

माझी मावशी आशा आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशानं नंतर सहा वेळा घरी जायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, दूध ओढतंय का बघायचं. ही पद्धत आपल्या गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०११ पासून देशभर सुरू झालं.

तर तिसऱ्या दिवशी मी मावशीला गाडीवर एका कोपीपाशी सोडलं. बाळ २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली, म्हणजे जास्त जपायचं. सातव्या दिवशी गेलो, तर कोपीच नाही! नुसतं पाचट आणि तीन दगडांची चूल. ट्रॅक्टरवाली टोळी, रात्रीत पुढच्या फडाला गेलेली.

मावशीनं मुकादमाचा नंबर मिळवला. टोळी बारामती तालुक्यात. हद्द बदलली, रजिस्टर बदललं. तिनं तिथल्या आशाताईंना फोन लावला. त्या सकाळी पोचल्या तेव्हा बाळाचे पाय गार होते, दूध ओढत नव्हतं. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून गोधडी घातली आणि १०२ ची गाडी बोलावली. बारा दिवसांनी बाळ परत कोपीत आलं.

आता माझा धंदा. आपल्या याद्यांत बाईची नोंद गावावार, आणि वर्षातले पाच-सहा महिने ती त्या गावात नसतेच. प्रायमरी कीच चुकली राव! तिच्याबरोबर फिरतं ते फक्त माता-बाल संरक्षण कार्ड, पत्र्याच्या पेटीत, साडीखाली.

मी म्हणालो, "मावशी, ॲप करून देतो."

"ॲप राहू दे. टोळी हलायच्या आदल्या दिवशी मला कळव."

आणि ते कळतं, बरं का! उद्याचा फड कुठला हे कारखान्याच्या चिटबॉयला आधीच माहीत असतं. माझ्या मोबाईलमध्ये आता तीन चिटबॉयचे नंबर आहेत. तुमच्या गटाला कोण आहे?