हिसका कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर थोरामोठ्यांनी वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषय मांडले आहेत. तेथे आज आम्ही मोटारीच्या गिअरविषयी बोलणार, हे पत्रकात वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. अठराव्या वर्षी हातात पाना आला आणि पुढे संघटनेचे काम पत्करले, ते आजतागायत चालू आहे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु गिअर बदलताना बसणारा हिसका ही चीज अशी आहे की, ती विद्वानाला आणि अडाण्याला सारखीच बसते. त्या हिसक्यामागे कोण उभा आहे, एवढेच आज आपणांस शोधावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे आणि डेपोचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपोआप गिअर बदलणारी एक शहर बस थांब्यावरून निघाली. वरचा गिअर पडताना जोराचा हिसका बसला आणि दांडा धरून उभी असलेली एक म्हातारी बाई पडली. तिचे मनगट मोडले. ड्रायव्हरची नोकरी वीस वर्षांची, एकही अपघात नाही. 'निष्काळजीपणे गाडी चालविली' असे आरोपपत्र त्याच्या हातात पडले आणि तो निलंबित झाला. संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, ह्या गाडीला क्लचचे पेडलच नाही. गिअर मी टाकीत नाही. मग हिसका मी कसा दिला?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी जे शिकावे लागले, तेच आज आपणांसमोर ठेवतो.

जुन्या गाडीचा चांगला ड्रायव्हर गिअर कसा टाकतो ते आठवा. तो आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, मग क्लच दाबतो, इंजिनाचा वेग उतरेपर्यंत क्षणभर थांबतो, आणि मगच दांडा पुढे सारतो. क्लच सोडताना पाय असा सोडतो की, मागे बसलेल्याच्या हातातील चहा हिंदकळू नये. हे थांबणे का लागते? समजा, खालच्या गिअरचे प्रमाण ३ आहे आणि वरच्याचे २. खालच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला वरच्या गिअरमध्ये ते १२०० वर यावे लागते. हे ६०० फेरे कोठेतरी जिरले पाहिजेत. इंजिनाचे जड चाक आपला वेग सहजासहजी सोडीत नाही. क्लच एकदम आवळला तर त्या चाकातला सगळा जोर गाडीच्या अंगावर येतो, आणि त्यालाच आपण हिसका म्हणतो.

आता आपोआप चालणाऱ्या गिअरपेटीत पाहा. १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाची अशी पेटी बाजारात आणली, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. आत दातेरी चाकांचे संच कायम एकमेकांत अडकलेले असतात. तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांची जुडगी असतात. एक जुडगे सोडावयाचे आणि दुसरे तेलाच्या दाबाने आवळावयाचे, की गिअर बदलला. हे सारे साधारण अर्ध्या ते एका सेकंदात उरकते. सोडणे आणि आवळणे ह्यांचा मेळ बसला तर प्रवाशाला कळतही नाही. आवळणे लवकर किंवा फार जोराने झाले तर हिसका बसतो. उशिरा किंवा कमी जोराने झाले तर इंजिन मोकळे घोंघावते, प्लेटा घसरतात आणि तापून जळतात.

तेव्हा सारा प्रश्न असा की, दाब किती द्यावा? त्यासाठी गिअरपेटीला एकच गोष्ट समजणे अवश्य आहे : ह्या क्षणी इंजिन किती पीळ देत आहे. पाना लावून नट आवळताना आपण जो जोर वळवतो तो पीळ. यंत्रशाळेत त्यास टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. पीळ जास्त तर दाब जास्त, पीळ कमी तर दाब कमी. जुन्या पेट्यांत हे कळविण्यासाठी इंजिनापासून पेटीपर्यंत एक केबल असे. ती ढिली झाली की गिअर चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जोराने पडत. मेस्त्री खाली वाकून केबलला बोट लावी, नट दोन आटे फिरवी आणि गाडी फिरवून पाही. दोष दिसत होता आणि हाताला लागत होता.

आता ती केबल नाही. इंजिनाचा एक संगणक आणि गिअरपेटीचा दुसरा, असे दोघे दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. गंमत अशी की, बहुतेक गाड्यांत खरा पीळ कोणी मोजीतच नाही. इंजिनाचा संगणक तो हिशेबाने काढतो. पेट्रोलच्या इंजिनात हवा किती आत गेली, ठिणगी केव्हा पडली, ह्यावरून. डिझेलमध्ये किती डिझेल फवारले, ह्यावरून. कारखान्याच्या चाचणीघरात इंजिन बांधून, हजारो ठिकाणी मोजून, ह्या हिशेबाची कोष्टके भरलेली असतात. ह्या कोष्टके भरण्याच्या कामास कॅलिब्रेशन म्हणतात. गिअरपेटीचा संगणक त्या आकड्यावर विश्वास ठेवून दाब ठरवतो. आकडा खरा असेल तर गिअर लोण्यासारखा पडतो. आकडा खोटा असेल तर पेटी कितीही चांगली असो, ती चुकणारच.

बोलणे दुसऱ्या बाजूनेही होते. गिअर बदलण्याच्या क्षणी पेटी इंजिनास सांगते, 'थोडा दम धर.' मग पेट्रोलचे इंजिन ठिणगी जरा उशिरा पाडते, डिझेलचे इंजिन फवारा क्षणभर कमी करते. पीळ उतरतो, ६०० फेरे सुखाने जिरतात आणि पीळ परत येतो. हे म्हणजे जुन्या ड्रायव्हरचे पाय उचलणेच होय. पीळ किती उतरावा, किती वेळ, आणि कोणत्या वेगाने परत यावा, हेही आकडेच ठरवितात.

एवढेच काय, पायाखालचे पेडलदेखील पूर्वीचे राहिले नाही. पूर्वी ते दोरीने थेट इंजिन ओढी. आता ते पेडल म्हणजे नुसता अर्ज आहे; मंजुरी संगणक देतो. अर्धे पेडल दाबले म्हणजे किती पीळ मागितला, हेही एका कोष्टकात लिहिलेले असते.

ज्यांच्या घरी लहान मोटार आहे त्यांना ह्याचा अनुभव असेल. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्तातली आपोआप गिअरची पद्धत आली. तीत साध्याच गिअरपेटीला क्लच दाबणारा यांत्रिक हात बसविलेला असतो. क्लच एकच, त्यामुळे गिअर बदलताना चाकांकडे जाणारा पीळ पूर्ण तुटतो आणि पुन्हा जुळतो. त्या वेळी मान पुढे डोलते. पीळ किती हलक्या हाताने तोडावा आणि जोडावा, हे आकड्यांवर असते. म्हणून गिअर बदलण्याच्या बेतास पाय किंचित उचलला की डोलणे कमी होते. तेथे आपण संगणकाचे राहिलेले काम पायाने करतो.

आता आमच्या ड्रायव्हरकडे वळू. चौकशीत आम्ही आमची जुनीच रीत वापरली. त्याच ड्रायव्हरला दुसऱ्या बसवर बसवून त्याच रस्त्याने फिरविले, हिसका नाही. मग दुसऱ्या तीन ड्रायव्हरांना त्या बसवर बसविले. तिघांनाही त्याच ठिकाणी, त्याच गिअरला हिसका. म्हणजे दोष माणसाचा नसून गाडीचा, इतके सिद्ध झाले. पण गाडीत कोठे? तेल बरोबर, प्लेटा बरोबर. शेवटी यंत्र पुरविणाऱ्यांचा माणूस आपला लॅपटॉप जोडून बसला, आणि कारण बाहेर आले. त्या गाडीच्या इंजिनाचा संगणक काही आठवड्यांपूर्वी बदलला होता. नव्यात कमी ताकदीची मांडणी भरली होती. गिअरपेटीत मात्र जुनाच आकडा राहिला होता.

ह्याचा परिणाम कसा होतो तो उदाहरणाने सांगतो. मोठ्या गाड्यांत इंजिन आपला पीळ शेकड्यांत कळविते : 'मी माझ्या पूर्ण पिळाच्या ५० टक्के देत आहे.' पूर्ण पीळ ७०० असेल तर हे झाले ३५०. पण गिअरपेटी पूर्ण पीळ ९०० धरून बसली असेल, तर ती समजणार ४५०. मग १०० न्यूटन-मीटरचा जादा दाब क्लचवर येणार आणि प्लेटा झडप घालणार. गिअरपेटीचा संगणक चालता चालता आपली चूक थोडी सुधारून घेतो. पण त्या सुधारण्याला मर्यादा घातलेली असते. चूक ह्याच्या उलटीही होऊ शकते. काही लोक ट्रकची ताकद वाढविण्यासाठी इंजिनाच्या संगणकाला फसविणारी डबी बसवितात. तेथे खरा पीळ जास्त आणि कळविलेला कमी. दाब अपुरा पडतो, प्लेटा घसरतात, आणि काही महिन्यांनी मालक म्हणतो, ड्रायव्हरने गिअरपेटी जाळली.

आरोपपत्र मागे घेतले गेले. निलंबनाच्या अकरा दिवसांचा पगारही मिळाला. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर एके दिवशी आम्ही त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेलो. हात अजून गळ्यात होता. आम्ही त्यांना सर्व समजावून सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाळा, तुझा माणूस सुटला हे बरंच झालं. पण मग चूक कुणाची?"

श्रोतेहो, ह्या प्रश्नाला आम्हांस उत्तर देता आले नाही. डेपो म्हणाला, संगणक आम्ही भरला नाही. भरणारा म्हणाला, मला जी फाईल दिली ती मी भरली. फाईल देणारा दुसऱ्या शहरात. जोवर दोष ड्रायव्हरचा होता, तोवर त्याला नाव होते, बिल्ला नंबर होता. दोष आकड्याचा ठरला आणि तो बेवारस झाला. त्या बाईंना औषधपाण्याचाही खर्च कोणाकडून मिळाला नाही. आम्ही पेढे वाटले, ह्याची लाज आम्हांस आजही वाटते.

आता ह्याचा अर्थ आम्ही संगणकाच्या विरुद्ध आहो असा कोणी घेऊ नये. शहरात दिवसभरात शेकडो वेळा क्लच दाबून ज्यांचे गुडघे गेले, असे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. त्यांना ही पेटी म्हणजे वरदान आहे. तसेच हे आकडे भरणारी मुलेमुली हीदेखील कामगारच आहेत. ती राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत गाड्या चालवून कोष्टके जुळवितात. त्यांना चार मालकांची मर्जी राखावी लागते : धूर कमी हवा, इंधन कमी हवे, प्लेटा टिकल्या पाहिजेत, आणि प्रवाशाला सुखही हवे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हा धुराचे माप अधिक कडक झाले, आणि ते योग्यच झाले. पण गिअर हळुवार पाडावयाचा तर प्लेटा अधिक वेळ घसरतात व झिजतात. झटकन पाडावयाचा तर प्लेटा वाचतात, पण हिसका बसतो. प्लेटेचा खर्च हिशेबाच्या वहीत चढतो. हिसक्याचा खर्च म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर पडतो आणि तो कोणत्याही वहीत चढत नाही. म्हणून ह्या दोहोंमधली निवड केवळ यंत्रशास्त्राची राहत नाही.

आकडे दडून राहिले म्हणजे काय होते, हे जगाने २०१५ च्या सप्टेंबरात पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचा संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर रोखी आणि रस्त्यावर सोडून देई. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती मांडणी होती. ती उघडकीस येण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गाडीच्या नळकांड्यास उपकरण बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली तेव्हा. चालवा आणि मोजा. आमच्या तीन ड्रायव्हरांनी लहान प्रमाणावर हेच केले होते.

म्हणून त्या प्रकरणानंतर आमच्या संघटनेने चार मागण्या लिहून दिल्या. प्रत्येक सार्वजनिक गाडीच्या नोंदवहीत टायर-तेलाप्रमाणे दोन्ही संगणकांत भरलेल्या मांडणीचा क्रमांक, तारीख आणि भरणाऱ्याची सही असावी. मांडणी बदलली की ड्रायव्हरास बसवून फेरी मारावी आणि त्याचा शेरा घ्यावा. हिसक्याच्या तक्रारीची स्वतंत्र वही असावी. आणि हिसक्यामुळे कोणी पडले, तर आरोपपत्र काढण्यापूर्वी तीच गाडी दुसऱ्या ड्रायव्हराकडून चालवून पाहावी. ह्यात एकही मागणी खर्चाची नाही. पहिली आणि चौथी मान्य झाली. दोन अजून पत्रव्यवहारात आहेत.

आपण येथे जमलेले बहुतेक लोक प्रवासी आहात. घरी जाताना बसला हिसका बसला तर ड्रायव्हरवर ओरडण्याआधी गाडीचा नंबर, जागा आणि वेळ टिपून डेपोस कळवा. एकाच गाडीच्या दहा चिठ्ठ्या आल्या म्हणजे आकड्याला हुडकून काढावेच लागते, आणि मग त्याला नावही चिकटते. त्या बाई आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही. निदान पुढे कोणी तो विचारील तेव्हा वहीचे पान उघडून दाखविता यावे, एवढीच आमची धडपड आहे.