डॉक्टर व्हायचंय, मग समाजशास्त्र कशाला?



मराठी शाळेतल्या छोट्यांचा पोवाडा झकास झाला, त्यांचं कौतुक आधी करते. आता थोडं मोठ्या वर्गातल्या मुलांशी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांशी बोलायचं आहे.

इथे न्यू जर्सीत मूल अकरावीत गेलं की आपल्या घरांत निकाल लागलेला असतो: डॉक्टर व्हायचं ना, मग मेजर बायॉलॉजीच! तसा नियम कुठेही नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरलेले कोर्स प्रयोगशाळेसकट करावे लागतात, ऑरगॅनिक केमिस्ट्री तर सहसा चुकत नाही. पण मेजर कोणताही चालतो. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतलेल्यांना मेडिकलला प्रवेश मिळण्याचं प्रमाण बायॉलॉजीवाल्यांच्या जवळपासच असतं. २०१५ पासून एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतही मानसशास्त्र-समाजशास्त्राचा वेगळा विभाग आहे, ५९ प्रश्नांचा, बाकीच्या तीन विभागांइतक्याच गुणांचा.

प्रवेशाचं हे गणित मला दुय्यम वाटतं. मला पॉल फार्मर यांच्याबद्दल सांगायचंय. ड्यूक विद्यापीठात ते वैद्यकीय मानववंशशास्त्र शिकले आणि मग हार्वर्डमधून डॉक्टर झाले. हैतीतल्या कांज गावी ते काम करत. तिथे क्षयाची औषधं फुकट मिळत, तरी माणसं मरत. का? दवाखान्यातले काहीजण म्हणत, क्षय करणीमुळे होतो असं लोक मानतात, म्हणून औषध अर्ध्यावर सोडतात. गावातले आरोग्यसेवक म्हणत, गरिबी हेच कारण. फार्मरांनी अभ्यासच मांडला. एका गटाला फक्त मोफत औषधं; दुसऱ्याला औषधांबरोबर दरमहा थोडे पैसे, सकस आहार आणि आरोग्यसेवकाची घरी भेट. पहिल्या गटातले जेमतेम निम्मे बरे झाले, दुसऱ्यातले सगळे. आणि करणीवर विश्वास असण्या-नसण्यानं काहीही फरक पडला नव्हता! घरोघरी काय विचारायचं, लोक सांगतात ते आणि प्रत्यक्षात करतात ते यांचा मेळ कसा तपासायचा, ही मानववंशशास्त्राची शिकवण. ती नसती तर दोष रोग्यांच्या अंधश्रद्धेवर ढकलून सगळे मोकळे झाले असते.

आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. उरलेल्या दवाखान्यापर्यंत का पोचल्या नाहीत, हे जंतूंच्या अभ्यासातून कसं कळणार?

मुलांनो, सोपा मेजर म्हणून मात्र समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र घेऊ नका. त्यातले संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे कोर्स कठीण असतात. पुढे औषधांवरचे शोधनिबंध वाचताना तेच कामी येतात, म्हणून ते टाळू नका.

पालकांनो, मुलगी मानववंशशास्त्र घेते म्हणाली, तर रागावण्याआधी तिनं आखलेलं चार वर्षांचं वेळापत्रक एकदा नीट बघा. केमिस्ट्री त्यात असेलच.

कार्यक्रमानंतर मी थांबणार आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी जरूर भेटा, आणि येताना आईबाबांनाही घेऊन या.