पेशीच्या अंगावरचा पत्ता

 स्वागताध्यक्षाने जिल्ह्याची थोरवी गावी, जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. तो आज मी थोडा मोडणार आहे. प्रोस्टेटचा कर्करोग शरीरभर पसरतो त्यात पेशीपटलावरच्या प्रथिनांचा हात किती, हा आजच्या चर्चेचा विषय ऐकून ‘हे हिंगोलीत कशाला?’ असे अनेकांनी विचारले. दुधाळ्याला लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे, ती हिंगोलीत कशाला, असे आता कुणी विचारत नाही. तरीही प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे यजमानाचे काम आहे.

प्रोस्टेटपुरती राहिलेली गाठ सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो ती हाडांत पोचल्यावर. कमरेचे मणके, ओटीपोटाची हाडे आणि मांडीचे हाड ही तिची नेहमीची ठिकाणे. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाची कंबर धरली की ते वाताचे दुखणे ठरते, आणि तेल-गोळ्यांत महिने निघून जातात. पण गाठ हाडांतच का जाते? बॅटसन यांनी १९४० साली दाखवले की ओटीपोटातल्या शिरांचे जाळे थेट मणक्याभोवतीच्या शिरांना जोडलेले आहे. म्हणून काही जण म्हणतात, हा रक्ताच्या वाटेचा प्रश्न आहे, त्यात प्रथिने कशाला आणता? मात्र वाट असणे आणि मुक्कामी रुजणे यांत फरक आहे. रक्तात उतरलेल्या बहुतेक कर्कपेशी मरून जातात. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच, स्तनाच्या कर्करोगाच्या शवविच्छेदनांवरून, बी आणि जमीन यांचा मेळ बसावा लागतो असे मांडले होते. सोयाबीन आणि हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तो मेळ बसतो पेशीच्या पटलावर, कारण परक्या ऊतीशी पेशीचा पहिला संबंध तिथेच येतो.

शेजारच्या पेशींना धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे पटलाच्या आरपार जाणारे प्रथिन आहे. आक्रमक गाठींत ते बऱ्याचदा कमी झालेले आढळते, म्हणजे पेशीची पकड सुटते. इंटेग्रिन प्रथिने पेशीला भोवतालच्या जाळीवर पाय रोवायला मदत करतात. आणि सीएक्ससीआर४ नावाचे ग्राही प्रथिन अस्थिमज्जेतून येणारा रासायनिक संकेत ओळखते. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी याच संकेताने मज्जेत घर शोधतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर प्रोस्टेटच्या कर्कपेशी त्या मूळ पेशींच्याच जागा बळकावताना दिसल्या. इथवरची कथा ऐकून वाटेल की गुन्हेगार सापडले, आता औषध दिले की झाले. तसे झाले नाही. इंटेग्रिनला अडवणारे सिलेंजिटाइड प्रोस्टेटच्या रुग्णांत वापरून पाहिले, फारसा लाभ झाला नाही. हाडांत रुजलेल्या गाठींत ई-कॅडहेरिन कित्येकदा पुन्हा दिसू लागते, म्हणजे ‘पकड सुटली’ ही गोष्टही अर्धीच खरी. टीकाकार विचारतात: मग या प्रथिनांचा अभ्यास पेपर लिहिण्यापलीकडे काय कामाचा?

माझे म्हणणे असे की ही टीका चुकीच्या अपेक्षेतून येते. पटलावरच्या प्रथिनाची किंमत त्याने गुन्हा किती केला यावर ठरत नाही. पेशी कुठे आहे हे ते सांगते का, यावर ठरते. याचा पुरावा पीएसएमए हे प्रोस्टेट-पेशींच्या पटलावरचे प्रथिन. १९८७ मध्ये एका प्रतिपिंडाच्या मदतीने ते ओळखले गेले, १९९३ मध्ये त्याचे जनुक हाती आले. प्रसारात त्याचा नेमका वाटा किती, यावर आजही वाद आहे. पण बहुतेक प्रोस्टेट-कर्कपेशींवर ते दाटीने असते, आजार आक्रमक होईल तसे बहुधा वाढते, आणि त्याचा मोठा भाग पेशीबाहेर असल्याने औषधाला सापडतो. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी गॅलियम-६८ बसवले की पसरलेली गाठ स्कॅनवर दिसते. ऑस्ट्रेलियातल्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत, २०२० साली, या स्कॅनची अचूकता ९२ टक्के भरली, तर सीटी आणि हाडांच्या जुन्या स्कॅनची मिळून ६५. त्याच पत्त्यावर ल्युटेशियम-१७७ पाठवले की उपचार होतो. २०२१ च्या व्हिजन चाचणीत ८३१ रुग्ण होते. आजार पुष्कळ पुढे गेलेल्या या माणसांचे मध्यक (मीडियन) आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेले. चार महिने कुणाला थोडे वाटतील; बाकीचे उपाय थकलेल्या घराला तसे वाटत नाहीत. लाळग्रंथींतही हे औषध साठते आणि तोंड कोरडे पडते, हेही सांगायला हवे.

‘हे श्रीमंतांचे उपचार’ असा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, तरी उपचार स्वस्त नाही. पण स्कॅनची सोय सार्वजनिक रुग्णालयातही आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २२४ रुग्णांत ओटीपोटाच्या लसिकाग्रंथींनाही किरणोपचार दिल्यास काय होते ते तपासले. पाच वर्षांनी रक्तातले पीएसए (प्रोस्टेटचे निदर्शक प्रथिन) न वाढलेले रुग्ण ८१.२ ऐवजी ९५ टक्के होते, जरी एकूण जगण्यात फरक दिसला नाही. कसोटी किरणांची होती, स्कॅनची नव्हे, पण तिथल्या बहुतेक रुग्णांची पीएसएमए स्कॅनने आधी पाहणी झाली होती. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयात हे घडते. हिंगोलीत स्कॅन नसेल. पण मणका दुखणाऱ्या म्हाताऱ्याची पीएसए तपासणी करायची की त्याला आणखी एक मलम लिहून द्यायचे, हे हिंगोलीतच ठरते. वृषणे काढून पुरुषसंप्रेरक थांबवण्याचा, चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलेला उपायही जिल्ह्याच्या आवाक्यातला आहे. आणि हळदीबद्दल विचारणारे वसमतकर सभागृहात असतीलच: काचेच्या बशीत हळदीतल्या कर्क्युमिनने पेशी थांबल्या, म्हणून माणसात थांबतील असे नाही. आपल्या हळदीचा भाव त्यावर अवलंबून नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये.

काही रुग्णांच्या गाठींवर पीएसएमए नसते किंवा उपचारांच्या ओघात नाहीसे होते. त्यांच्यासाठी स्टीप१ सारख्या दुसऱ्या पटल-प्रथिनावर काम चालू आहे. त्या पत्त्यावर कितपत विसंबावे, यावर आपल्या वक्त्यांचे एकमत नाही, आणि ते वाद इथे मोकळेपणाने व्हावेत अशी माझी विनंती आहे.