एका घरात दोन चुली

आम्ही परभणी जिल्ह्यातल्याच एका ग्रामसंघाच्या बाया. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे आणि त्यात १२ बचत गटांचा हिशेब आहे. विंडोज १० वर चालतो. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला या विंडोजची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. म्हणजे नेटवरून काही शिरलं तर अडवणारं दार कच्चं झालं. नवा लॅपटॉप घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा आमच्यातल्या एकीचा कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, "मावशी, लिनक्स टाकू की. फुकट असतंय."

ते खरंच फुकट असतं. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. 'बॉस' नावाचा एक तर आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनं बनवलाय, मराठीतही चालतो. विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स बसवता येतं. एका घरात दोन चुली म्हणा. लॅपटॉप सुरू केला की विचारतो, आज कोणती पेटवू? एका वेळी एकच पेटते.

पण बसवताना पडद्यावर विचारतात, विंडोजच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून? पोरानं घाईत पुसायचं दाबलं. तीन वर्षांचा हिशेब गेला. त्याला बोल लावून काय उपयोग, दुसरी प्रत आम्हीच ठेवली नव्हती. मग जेवणं उरकून चौघी जणी वह्या घेऊन बसायचो. १९ रात्री लागल्या. एका ताईंचे दोन हप्ते तर वहीत नव्हतेच, थेट लॅपटॉपात भरलेले. त्यांच्या पासबुकावर सही होती म्हणून निभावलं, नाहीतर फेडलेलं कर्ज थकीत दिसलं असतं.

विंडोज आणि हिशेब परत भरून झाल्यावर आम्ही पुन्हा प्रयत्न केला, पण यावेळी आधी बैठकीत ठराव घेतला. तुमचा संगणक एखाद्या कार्यालयानं दिलेला असेल तर लेखी विचारा. नाही म्हणाले तर तिथंच थांबा.

मग हिशेबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या संगणकात उघडून पाहिली. न उघडणारी प्रत काय कामाची? काही संगणकांत विंडोजची डिस्क कुलूपबंद असते, त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या, मधेच मागितली तर दार उघडायचं नाही.

लिनक्स लगेच बसवलं नाही. ते एका रिकाम्या पेनड्राइव्हवर तयार करून घेतलं (त्यावर आधीचं असेल ते पुसलं जातं, बरं का) आणि महिनाभर तिच्यावरूनच चालवलं. ही अंगणातली चूल. 'बसवा' दाबलं नाही तर घरातल्या डिस्कला हात लागत नाही. त्यात कळलं की नेट, पत्रं, तक्ते छान चालतात. पण आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालत नाही, आणि जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं उघडली की अक्षरांची खिचडी दिसते. म्हणजे विंडोज काढून चालणार नव्हतं.

बसवायच्या दिवशी चार्जर लावला, बॅटरी पूर्ण भरलेली. आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे. लिनक्ससाठी जागा विंडोजमधूनच मोकळी केली आणि विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्याच्या डिस्कवर लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. 'शेजारी बसवा' हा पर्याय दोघींनी वाचला, मगच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे! घाबरलो. दोन्ही प्रणाली वेळ वेगळ्या रीतीनं मोजतात, म्हणून होतं तसं. वेळ दुरुस्त केल्याशिवाय पावती छापू नका, तारीख चुकेल.

आता हिशेब विंडोजमध्ये, तेव्हा नेट बंद. नेटचं काम लिनक्समध्ये. प्रतीची पेनड्राइव्ह अध्यक्षताईंच्या पत्र्याच्या पेटीत असते. दर महिन्याच्या बैठकीला त्या ती पदराला बांधून आणतात.