छायाचित्र आणि शेजारधर्म

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं आम्हीं इतिहासावर बोलावें, अशी ज्युबिली समितीची इच्छा होती. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालीं झाली व १९५३ सालीं तो महाधर्मप्रांत झाला, हें आपल्या मुलांनाही पाठ आहे. म्हणून आज आम्ही इतिहासाच्या एका निराळ्या साधनाविषयीं, म्हणजे छायाचित्राविषयीं, चार शब्द बोलणार आहों.

या स्मरणिकेसाठीं आम्हीं धर्मग्रामाचे जुने चित्रसंग्रह चाळले. त्यांत महागुरुस्वामींच्या भेटी आहेत, कोनशिला आहेत, हारतुरे आहेत. आणि आम्ही स्वतः तर पानोपानीं आहों. परंतु ज्या गृहस्थानें तीस वर्षें देवळाची घंटा वाजविली, फरशी पुसली आणि आपल्या मृतांसाठीं कबरी खणल्या, त्याचें एकही चित्र त्यांत नाहीं. तो वारला तेव्हां शवपेटीजवळ ठेवण्यासाठीं त्याच्या मुलीनें आमच्याकडे चित्र मागितलें होतें. पुष्कळ शोधल्यावर एका समारंभाच्या चित्राच्या अगदीं कडेला अर्धा खांदा आणि झाडू धरलेला एक हात तेवढा दिसला. मुलीनें तो हात ओळखला व तेंच चित्र मागून घेतलें. त्या दिवशीं आम्हांस लाज वाटली. दोष चित्र काढणाऱ्याचा नव्हता; कोणाला पुढें बसवावयाचें व कोणाला बाजूस सारावयाचें, हें आम्हींच ठरविलें होतें.

अशा कडेला राहिलेल्या माणसांना चित्राच्या मध्यभागीं आणण्याचें व्रत घेतलेला एक छायाचित्रकार आपल्याच विदर्भांत जन्मला आहे. श्री. सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ सालीं अकोल्यास झाला. १९८८ पासून ते मुंबईंत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करूं लागले. वृत्तपत्राचें काम रोजचें. आज छापलेलें उद्यां रद्दींत जातें. परंतु तें काम सांभाळून त्यांनीं मुंबईच्या सफाई कामगारांची संगत धरली. कचऱ्याच्या ढिगांत उभे असलेले, गटारांत उतरणारे हे कामगार, त्यांचीं लहानशीं घरें व त्यांचीं कुटुंबें हीं सर्व त्यांनीं कृष्णधवल चित्रांत आणिलीं. २०१६ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. ज्यांच्याकडे पाहतांच आपण नाकाला रुमाल लावून मान फिरवितों, त्यांच्याकडे त्यांनीं टक लावून पाहिलें, हा त्यांचा मोठेपणा आहे.

क्रूसाच्या वाटेवरील सहावें स्थान आपणांस ठाऊक आहे. वेरोनिकेची कथा शुभवर्तमानांत नाहीं. ती भक्तांच्या परंपरेनें आपल्यापर्यंत आली. छायाचित्रकार या संतिणीस आपली आश्रयदात्री मानतात. परंतु एक गोष्ट ध्यानीं घ्या. वेरोनिका प्रभूचें चित्र मिळवावयास गेली नव्हती. रक्तानें व घामानें माखलेलें मुख तिला दिसलें, आणि शिपायांची भीति न बाळगतां तें पुसावयास ती पुढें झाली. सेवा आधीं घडली. वस्त्रावर मुख उमटलें तें मागाहून. हा क्रम उलटला कीं दुःखिताचें चित्र म्हणजे निव्वळ तमाशा होतो. गरिबाच्या दारीं एक घटका उभें राहून त्याचें दैन्य टिपून नेणें आणि त्याच्या सुखदुःखांत सहभागी होऊन त्याचें मुख जगापुढें मांडणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

तथापि चित्रानेंच न्याय होतो, असें कोणीं समजूं नये. हातानें मैला उचलण्याविरुद्ध आपल्या देशांत १९९३ सालीं कायदा झाला. २०१३ सालीं अधिक कडक कायदा झाला. गटारांत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं फर्माविलें आणि २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. कायद्याचा हात असा लांब झाला, तरी माणसें गटारांत उतरत राहिलीं व मरत राहिलीं. चित्र आपणांस जागें करितें. जागें झाल्यावर उठावयाचें कीं कूस बदलून पुन्हा निजावयाचें, हें आपणच ठरवावयाचें असतें. पहाटेच्या मिस्सेला येतांना सदरच्या किंवा मोहननगरच्या रस्त्यावर झाडू मारणारी बाई आपणांस भेटते. तिचें नांव आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?

म्हणून ज्युबिलीची भेट म्हणून आम्ही आपणांकडे तीन गोष्टी मागतों. पहिली, घरच्या पेटींतील जुनीं चित्रें बाहेर काढा. १८७७ सालीं सुरू झालेली एम्प्रेस मिल आज बंद आहे. परंतु तिच्या पाळीला जाणारे कोणाचे आजोबा, रेल्वेच्या चाळींतील एखादें लग्न, पहिल्या कम्युनियनची एखादी पांढरी ओढणी त्या पेटींत असेल. दुसरी, प्रत्येक चित्रामागें पेन्सिलीनें नांवें व साल लिहा. वडीलधारी माणसें हयात आहेत तोंवरच लिहा, कारण नांव गेलें कीं आजोबाही परके होतात. तिसरी, यापुढें कोणाचें चित्र काढाल तर आधीं त्याची संमति घ्या आणि मागाहून त्याची एक प्रत त्याच्या हातीं द्या. ज्याचें मुख, त्याचा त्यावर पहिला हक्क.

आमच्या त्या घंटा वाजविणाऱ्या बंधूचा हात या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावा, अशी आम्हीं समितीस विनंति केली आणि समितीनें ती मान्य केली. त्याच्या मुलीची परवानगी आम्हीं आधीं घेतली आहे. महागुरुस्वामींचें चित्र त्यानंतर येईल. त्यांस राग येणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस एकमेकांचें मुख ओळखण्याची कृपा देवो.